पेजर वाजला, आता काय? अमेरिकेत पहिल्यांदा ऑन-कॉल लागणाऱ्यांसाठी

माझा पहिला पेजर रात्री २ वाजून १७ मिनिटांनी वाजला. पेजर म्हणायचं आपलं. असतं ते फोनमधलं अ‍ॅप: कंपनीची सेवा बिघडली की त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे हाकेला तयार, असलेल्या इंजिनिअरला ते उठवतं. पण आवाज असा की भिंतीपलीकडचा माणूसही उठून बसावा. सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूमधलं एका खोलीचं घर, फर्निचर म्हणजे गादी आणि एक घडीचं टेबल, बाहेर जानेवारीतला सिअ‍ॅटलचा न संपणारा पाऊस. लॅपटॉप उघडतोय तोच आईचा फोन, कारण तिला मी व्हॉट्सअ‍ॅपवर 'ऑनलाइन' दिसलो होतो. पुण्यात दुपारचे पावणेचार वाजले होते. "काय रे, झोपला नाहीस अजून?" "काम आहे गं," म्हणून ठेवून दिला.

बिघाड माझ्याच हातचा होता. दुपारी मी आमच्या सेवेचा टाइमआउट, म्हणजे डेटाबेसच्या उत्तराची वाट बघायची मर्यादा, ३० सेकंदांवरून ३ वर आणला होता. दिवसभर सगळं सुरळीत. रात्री डेटाबेसचा बॅकअप सुरू झाला, उत्तरं यायला चार-पाच सेकंद लागायला लागले, आमची सेवा दर वेळी तिसऱ्या सेकंदाला हात झटकून पुन्हा तोच प्रश्न विचारायला लागली, आणि त्या विचारण्याच्या भडिमारानेच डेटाबेस आडवा झाला. हे मला २:२५ ला कळलं. टीमला मी ३:०२ ला सांगितलं.

मधली ३७ मिनिटं मी एकटाच, कुणाला कळायच्या आत निस्तरायच्या खटपटीत होतो. डोक्यात डेटाबेस नव्हताच. डोक्यात एच-१बी, म्हणजे कंपनीच्या नोकरीला बांधलेला व्हिसा, होता: नोकरी गेली तर देशात राहायला ६० दिवस, भाड्याचा करार अजून आठ महिन्यांचा, शिक्षणाचं कर्ज बाबांच्या नावावर.

सकाळी मॅनेजरने घटनाक्रम वाचला आणि एवढंच विचारलं, "टाइमआउटचं सोड, तो कुणीही बदलला असता. ही ३७ मिनिटं तू एकटा का होतास?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर बऱ्याच पाळ्या झाल्या, भारतातून नव्याने आलेल्या बऱ्याच मुलामुलींना मी पहिल्या पाळीसाठी तयार केलं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घटनाक्रमात अशी काही मुकी मिनिटं सापडली. ती कमी कशी करायची, हे खाली लिहिलंय. त्यातलं अर्धं पेजरबद्दल आहे आणि अर्धं व्हिसाच्या कागदांबद्दल, कारण रात्री दोन वाजता ही दोन्ही एकाच डोक्यात असतात.

पायरी १: पाळी लागण्याआधी

टीममध्ये आल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत तुमचं नाव रोटेशनमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या यादीत, येतं. त्याआधी दोन वेळा सावली व्हायची मागणी करा. पहिल्या आठवड्यात अनुभवी माणूस पेजर सांभाळतो आणि तुम्ही बघता. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सांभाळता आणि तो बघतो. दुसरा भाग बऱ्याच टीम गाळतात. तो गाळू देऊ नका.

मग मॅनेजरला सरळ विचारा: पेज, म्हणजे पेजरची हाक, आल्यावर किती मिनिटांत उत्तर द्यायचं? माझ्यामागे सेकंडरी, म्हणजे राखीव माणूस, कोण? मी सिनेमाला गेलो तर चालेल का, लॅपटॉप बरोबर हवा का? पैसे मिळतात का? शेवटचा प्रश्न विचारताना आपल्याकडच्या माणसाची जीभ अडखळते. पगारदार इंजिनिअर इथल्या कायद्याने बहुतेक वेळा ओव्हरटाइमच्या कक्षेबाहेर असतात, त्यामुळे वेगळे पैसे द्यायचं कंपनीवर बंधन नसतं. काही ठिकाणी भत्ता मिळतो, काही ठिकाणी बदली सुट्टी, काही ठिकाणी काहीच नाही. विचारण्यात मात्र कुणालाही गैर वाटत नाही.

त्यानंतर दिवसाउजेडी एक रंगीत तालीम करा. घरून व्हीपीएन लागतंय का, दोन टप्प्यांचं लॉगिन फोनवर येतंय का, प्रॉडक्शनचे, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू यंत्रणेचे, लॉग (नोंदी) दिसतात का, आणि मुख्य म्हणजे रोलबॅक करायची, म्हणजे केलेला बदल मागे घ्यायची, परवानगी तुमच्या नावावर आहे का. परवानगी नाही हे रात्री तीनला कळतं तेव्हा ती देणारा झोपलेला असतो. एकदा दुपारी, कुणाला तरी शेजारी बसवून, खराखुरा रोलबॅक स्वतःच्या हाताने करून बघा. फोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मधून पेजरच्या अ‍ॅपला वगळा. हे न केल्यामुळे झोपून राहिलेले दोन जण मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

वेळेचं गणितही आधीच पाठ करा. लॉग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. सिअ‍ॅटल हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे, उन्हाळ्यात ७. भारत बारा महिने साडेपाच तास पुढे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं सरकतात, पुण्यातली सरकत नाहीत. त्या दोन आठवड्यांत ठरलेल्या वेळेला अर्धी टीम मीटिंगमध्ये आणि अर्धी जेवायला, हे दर वर्षी होतं.

रनबुक, म्हणजे कुठल्या अलार्मला काय करायचं याची वही, पूर्ण वाचा आणि जे कळत नाही त्यावर खुणा करा. आमच्या एका रनबुकमध्ये 'अडचण आल्यास यांना उठवा' म्हणून ज्याचं नाव होतं, तो दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडून गेला होता. जुन्यांपैकी कुणी ते पान उघडतच नव्हतं. नव्या माणसाला बावळट प्रश्न विचारायची सूट साधारण सहा महिने असते. ती वापरून घ्या.

पायरी २: नऊंचा हिशोब

आपण ९९.९९ पर्सेंटाइलला पेढे वाटणारी माणसं. इथे मात्र तो आकडा म्हणजे खर्चाची मर्यादा. सेवा महिन्यात ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं वचन असेल, तर ३० दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद बंद राहायची मुभा. ९९.९५ ला २१ मिनिटं ३६ सेकंद. ९९.९९ ला जेमतेम ४ मिनिटं १९ सेकंद.

या मुभेला एरर बजेट म्हणतात. गूगलमध्ये २००३ साली बेन ट्रेनॉर स्लॉस यांनी जी टीम उभी केली आणि जिच्या कामाला पुढे साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग हे नाव पडलं, तिथून ही भाषा सगळीकडे पसरली. बजेट शिल्लक असेल तर नवे बदल बिनधास्त सोडा; संपलं की बदल थांबवा आणि डागडुजी करा. शंभर टक्के कुणीच मागत नाही.

आमचं वचन ९९.९५ चं होतं. म्हणजे त्या ३७ मिनिटांत मी पावणेदोन महिन्यांची मुभा एकट्याने खाल्ली.

आणखी एक: पेज येणं, डोळे चोळणं, लॅपटॉप उघडणं, लॉगिन होणं यातच चार मिनिटं जातात. माणसाला उठवून चार नऊ (९९.९९) पाळता येत नाहीत, ते यंत्राने आपोआप सावरावं लागतं. तुमच्या टीमने ऑन-कॉलच्या जोरावर ९९.९९ कबूल केलं असेल, तर मीटिंगमध्ये हे गणित नम्रपणे फळ्यावर मांडा.

पायरी ३: वाजल्यावर

आधी 'अ‍ॅक' दाबा. त्याचा अर्थ 'मी उठलोय, बघतोय' एवढाच. 'मला कळलंय' असा नाही. मग टीमच्या चॅनलमध्ये एक ओळ टाका: अमुक अलार्म, मी बघतोय, पुढची खबर १५ मिनिटांत. ही ओळ पहिल्या पाच मिनिटांत पडायला हवी, तुम्हाला काहीही कळलेलं नसलं तरी. आपल्याला सवय असते की काहीतरी ठोस हाती लागलं की मगच बोलायचं. माझी ३७ मिनिटं इथेच गेली.

मग एकच प्रश्न: गेल्या काही तासांत काय बदललं? नवा कोड, नवं कॉन्फिग (सेटिंग), कुणीतरी चालू केलेलं एखादं फीचर. बहुतेक रात्री उत्तर तिथेच असतं. सापडलं की आधी मागे घ्या, कारण नंतर शोधा. रात्री तीनला नवा कोड लिहून दुरुस्ती करायचा मोह होईल. तेव्हा आपण जेवढे हुशार आहोत असं वाटतं, त्याच्या निम्मेच असतो.

पण मागे घेणंही डोळे उघडे ठेवून. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली अमेरिकन कंपनी होती. २०१२ च्या जुलैअखेरीस त्यांनी नवा कोड चढवला, पण आठपैकी एका सर्व्हरवर तो चढलाच नाही. १ ऑगस्टला बाजार उघडताच त्या एकावर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि भरमसाट ऑर्डरी सोडायला लागला. घाईत त्यांनी उरलेल्या सातांवरून नवा कोड काढून टाकला, तर तोच जुना कोड आठही ठिकाणी सुरू झाला. ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे: त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना या गडबडीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल पाठवले होते. ते अलार्म म्हणून आखलेले नव्हते, त्यामुळे कुणी वाचले नाहीत. तुमच्या इनबॉक्समध्ये आपोआप येणारे आणि तुम्ही न वाचता बाजूला सारता असे किती मेल आहेत, हे पाळीच्या आदल्या दिवशी एकदा मोजा.

पंधरा मिनिटांत दिशा सापडली नाही तर सेकंडरीला पेज करा. "बिचारा झोपला असेल, लहान बाळ आहे त्याच्या घरी," हा विचार मनात येणारच. त्याला त्या आठवड्यात त्यासाठीच ठेवलेलं असतं. उलट तासभर थांबून मग उठवलंत, तर त्याची झोपही गेली आणि तासही.

बिघाड मोठा असेल तर इन्सिडेंट जाहीर करा. मग एक जण इन्सिडेंट कमांडर होतो. ही पद्धत मुळात आगीतून आली: कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांत वेगवेगळ्या दलांचा एकमेकांशी मेळ बसेना, म्हणून तिथल्या अग्निशमन दलांनी पुढच्या काही वर्षांत ती बांधली. कमांडर स्वतः कमांड टाइप करत नाही. कोण काय करतंय हे बघतो, निर्णय घेतो, लिहून घेतो. त्या तासाभरापुरता त्याचा शब्द वरच्यांवरही चालतो. कॉलवर व्हाइस प्रेसिडेंट येऊन "कधी होणार?" असं विचारू लागले, तर "पुढची खबर सव्वातीनला देतो" हे पूर्ण उत्तर आहे. 'सर' म्हणत वाढलेल्या आपल्या पिढीला हे पहिल्यांदा म्हणताना घाम फुटतो. दुसऱ्यांदा नाही.

आणि खिडकी तपासा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा एक इंजिनिअर रात्री उशिरा डेटाबेसशी झगडत होता. राखीव सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, पण टर्मिनलची खिडकी मुख्य सर्व्हरची होती. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग एकेक बॅकअप उघडला तर एकही धड नव्हता. नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस अपयशी ठरत होता आणि तसं सांगणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते चाचणीसाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या प्रतीने. त्या इंजिनिअरने लपवलं नाही. कंपनीने डेटा परत आणायचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. तेव्हापासून माझं प्रॉडक्शनचं टर्मिनल लालभडक आहे. पुसण्याची कुठलीही कमांड देण्याआधी मी सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचतो. बायको हसते, पण वाचतो.

पायरी ४: तोंड उघडायचं कसं

अर्धझोपेत इंग्रजी वाक्यं सुचत नाहीत, म्हणून चार वाक्यं फोनमध्ये लिहूनच ठेवा. त्यातलं सगळ्यात मोलाचं: "आय थिंक माय चेंज कॉज्ड धिस. रोलिंग बॅक नाऊ." एवढंच. मागे सात वेळा 'सॉरी' नको. सॉरीने समोरच्यावर तुम्हाला धीर द्यायचं काम पडतं, आणि तेव्हा त्याला दुसरं काम असतं.

आपल्या 'हो'चा इथे फार घोटाळा होतो. आपण 'हो' म्हणतो म्हणजे ऐकलं. ऐकणारा धरतो की कबूल केलं. 'होऊन जाईल' तर त्याहून वाईट, त्यात कोण, कधी, काय, यातलं काहीच नसतं. मला काय माहीत आहे, काय माहीत नाही, पुढचं कधी सांगतो, या तीन गोष्टी सांगायची सवय लावा. 'माहीत नाही' म्हटल्याने इथे किंमत कमी होत नाही. अंदाज खात्रीच्या सुरात सांगितला आणि तो खोटा ठरला, तर होते.

उलट बाजूने अमेरिकन माणूसही सरळ बोलतोच असं नाही. "यू माइट वॉन्ट टू रोल दॅट बॅक" ही सूचना वाटते, पण तो हुकूम असतो. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी "इंटरेस्टिंग" लिहिलं तर हुरळून जाऊ नका, पुन्हा वाचा.

कॉलवर भराभर बोललेलं कळलं नाही तर "प्लीज टाइप दॅट इन द चॅनल" म्हणा. उच्चाराची लाज वाटत असेल तर स्वतःही बोलताना तेच चॅनलमध्ये लिहा. लेखी असलं की घटनाक्रम आयताच तयार होतो आणि 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' हा वाद उरत नाही.

पायरी ५: पोस्टमॉर्टेम

बिघाड निस्तरला की दोन-चार दिवसांत पोस्टमॉर्टेम लिहायचं असतं. शब्द ऐकून पोटात गोळा येतो, पण पद्धत अशी की दोषी शोधायचा नाही. एट्सी या कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये ही भूमिका जाहीरपणे मांडली. त्याच कंपनीत वर्षभरात सगळ्यात अनपेक्षित रीतीने काहीतरी पाडणाऱ्याला तीन बाह्यांचा स्वेटर बक्षीस मिळायचा.

ही पद्धत कशी चालते याचा नमुना म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या एस-३ या डेटा साठवणाऱ्या सेवेचा बिघाड, २८ फेब्रुवारी २०१७. एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे काही सर्व्हर काढायची कमांड दिली, तीत भरलेली एक नोंद चुकली, आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट काही तास लंगडल्या. 'सगळं ठीक आहे का' हे दाखवणारं अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं पानही एस-३ वरच टेकलेलं असल्यामुळे बदलता येईना. जाहीर अहवालात टाइप करणाऱ्याचं नाव नाही. त्यांनी हत्यार बदललं: सर्व्हर हळूहळूच काढता यावेत आणि ठरावीक मर्यादेखाली जाताच येऊ नये, अशी सोय केली.

तुम्हीही तसंच लिहा. 'मानवी चूक' हे कारण म्हणून चालत नाही. ३ सेकंदांचा टाइमआउट तपासणीतून पुढे गेला कसा, बॅकअपच्या वेळचा भार चाचणीत का नव्हता, पुन्हा विचारण्याला मर्यादा का नव्हती. मुकी मिनिटंही लिहा. मी '२:२५ कारण समजलं, ३:०२ टीमला कळवलं' असं लिहिलं, तेव्हा बोटं थरथरत होती. त्यातून निघालेली दुरुस्ती अशी: दहा मिनिटांत चॅनलमध्ये ओळ पडली नाही तर सेकंडरीला आपोआप पेज जातो. ती आजही चालू आहे.

आता कटू भाग. सगळ्या कंपन्या बोलतात तशा वागत नाहीत. पोस्टमॉर्टेममध्ये नाव नसतं, पण वार्षिक मूल्यमापनात ते आठवणारा मॅनेजर असू शकतो. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात जुनी पाच-सहा पोस्टमॉर्टेम वाचून काढा. दुरुस्तीच्या रकान्यात 'यापुढे काळजी घ्यावी' असं दिसलं, तर तिथली हवा कशी आहे ते समजा.

तशा ठिकाणीही सांगावंच. लॉगमध्ये तुमचं नाव, कमांड आणि वेळ आधीच असते. लपतं काहीच नाही, फक्त उशिरा सापडतं. चूक सांगितली तर ती बगच्या खात्यात जमा होते. लपवली आणि सापडली, तर प्रकरण प्रामाणिकपणाचं होतं, आणि त्यावर नोकरी खरंच जाते.

पायरी ६: कागद

रात्री दोनला भीती आकारहीन असते. तिला आकडे दिले की ती थोडी आवरते, म्हणून हे एखाद्या शांत शनिवारी करून टाका.

एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ वरची (देशात कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची) तारीख आधी असेल तर तेवढेच. मोजणी नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि शेवटचा दिवस सहसा ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो धरतात. एकरकमी मिळालेल्या भरपाईने मुदत लांबत नाही. या ६० दिवसांत नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की तो पोचल्यावर काम सुरू करता येतं; मंजुरीची वाट बघावी लागत नाही. तोवर नोकरी नाहीच मिळाली, तर जोडीदाराच्या व्हिसावर किंवा बी-२ या पर्यटक व्हिसावर बदलायचा अर्जही याच मुदतीत करायचा. मुदतीआधी कंपनीने काढलं तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिने द्यायचा असतो. हे फार जणांना ठाऊकच नसतं.

शिक्षणानंतर काही काळ काम करू देणाऱ्या ओपीटीवर असाल तर हिशोब वेगळा: एकूण ९० दिवस बेकारीचे, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांची) मुदतवाढ मिळाल्यावर सगळे मिळून १५०.

ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली याचिका, मंजूर होऊन १८० दिवस झालेत का बघा. झाले असतील तर जुन्या कंपनीने ती नंतर मागे घेतली तरी त्या मंजुरीच्या आधारावर सहा वर्षांपलीकडे एच-१बी वाढवता येतो आणि रांगेतली तुमची तारीख तुमचीच राहते. नवी कंपनी प्रक्रिया पुन्हा सुरू करते, पण तुम्ही रांगेच्या शेपटाला जात नाही. भारतीयांची रांग किती लांब आहे ते सांगायला नकोच. दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. ज्या रात्री मी घाबरलो होतो, त्या रात्री माझ्या आय-१४० ला सात महिने झाले होते. म्हणजे नोकरी गेली असती तरी रांगेतली माझी जागा जाणारच नव्हती, आणि मला ते माहीत नव्हतं.

एक फोल्डर करा, स्वतःच्या ड्राइव्हवर, कंपनीच्या लॅपटॉपवर नव्हे. काढलं तर लॅपटॉप तासाभरात बंद होतो. त्यात सगळे आय-७९७ (अर्जांच्या पावत्या-मंजुऱ्या), आय-९४, पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला), पासपोर्टची सगळी पानं, पदवीची प्रमाणपत्रं. आय-१४० ची प्रत कंपनी देत नसेल तर निदान पावती क्रमांक मागून घ्या. कंपनीचा वकील आधी कंपनीचा असतो, हे विसरू नका; अडचणीच्या वेळी तासाचे पैसे मोजून स्वतःचा गाठा. बाकी चार-सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात. सुरुवातीला कर्ज फेडताना हे जमत नाही, ठाऊक आहे. एक महिन्यापासून सुरू करा.

घर बदलताना आधी एचआरला कळवा. घरून काम करत असाल तर घर हेच कामाचं ठिकाण. दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलात तर तिथून काम सुरू करण्याआधी एच-१बीचा सुधारित अर्ज दाखल व्हावा लागतो. ऑन-कॉल कुठूनही करता येतं म्हणून सहा महिने मित्राकडे डॅलसला राहिलेला एक जण पुढे बराच निस्तरत बसला होता.

स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला, मुंबईला जाणार असाल तर त्या आठवड्यांत आणि पुढच्या दोन आठवड्यांत पाळी घेऊ नका. बीकेसीतल्या वकिलातीत पासपोर्ट अडकला की किती दिवस अडकेल ते तिथलाही माणूस सांगत नाही. भारतातून काम करायला परवानगी आहे का, आणि किती दिवस, हे निघण्याआधी लेखी घ्या.

पायरी ७: पाळ्यांची अदलाबदल

तुमच्या टीमचा अर्धा भाग पुण्यात असण्याची शक्यता बरीच आहे. इथली रात्र तिथली दुपार, म्हणून पेजर त्यांच्याकडे जातो. तुम्ही हिंजवडीत असताना सिअ‍ॅटलहून येणारे "प्लीज हँडल" एवढेच दोन शब्द वाचून जे वाटायचं ते आठवा, आणि पाळी सोपवताना नीट लिहा: काय वाजलं, काय केलं, काय अर्धवट आहे, कशाला हात लावू नये. मराठीत दोन मिनिटं फोनवर बोललात तर उत्तमच, पण लेखी टिपण इंग्रजीत ठेवा. टीममध्ये इतरही असतात.

सणांचं आधीच बोलून घ्या. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, तेव्हा इथल्या सगळ्यांना घरी जायचं असतं. तो आठवडा तुम्ही घेता असं सप्टेंबरमध्येच सांगा आणि बदल्यात दिवाळी मागा, आनंदाने देतात. मात्र 'याचं इथे कुटुंब नाही' म्हणून ख्रिसमस, नववर्ष आणि चार जुलै आपसूक तुमच्या गळ्यात पडायला लागले, तर दुसऱ्याच वर्षी थांबवा. पहिल्या वर्षी मी तिन्ही घेतले होते. हौसेने.

आता माझी अदलाबदल ठरलेली आहे. टीममधली एक मेक्सिकन वंशाची सहकारी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझा पेजर घेते आणि नाताळच्या आदल्या रात्री मी तिचा. दिवाळीची तारीख दर वर्षी का सरकते हे तिला अजून उमगलेलं नाही, म्हणून ती जानेवारीतच विचारून ठेवते. यंदाही तिचा मेसेज आला. आईला फोन केला, तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटून तारीख सांगितली, आणि मी ती रोटेशनमध्ये यूटीसीत लिहून टाकली.